एक म्हणजे शून्य

आमच्या घरात भूत मानत नाहीत.

माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यानंतर घरातून देव गेले, अंगारे-धुपारे गेले, अमावस्या पाळणंही गेलं. मी तसाच वाढलो. आता सत्तरी ओलांडली, आजही भूत मानत नाही.

तरी पुढं लिहितोय ते घडलं. माझ्यासमोर घडलं. खोलीत माझी बायको केसरबाई होती, आणि ती अजून आहे. पण तिला अर्धंच ठाऊक आहे.

उरलेलं अर्धं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १९ मे २०२३. दुपारचे सव्वादोन. छत्रपती संभाजीनगरातलं पुंडलिकनगर, माझ्या मुलीचं, करुणाचं घर. त्या दिवशी अमावस्या होती, हे शेजारणीकडून नंतर कळलं.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर डोळे मिटावे लागतील असं ऊन होतं.

आधी मागचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाळूजला एका कारखान्यात मी बावीस वर्षं वाफेच्या टाकीवर होतो. दवाखान्यात जखमेला लावतात तो कापूस आणि पट्ट्या तिथं बनायच्या. तो माल मोठ्या लोखंडी टाकीत भरायचा, दार लावायचं, आधी आतली हवा ओढून काढायची, मग वाफ सोडायची. वाफेनं जंतू मरायचे. दार गोल होतं, मीटरभर रुंद, आणि त्याला ट्रकच्या स्टेअरिंगसारखं चाक. चाक फिरवलं की दार सुटायचं.

चाकावर सांडू असायचा. फर्दापूरचा गडी. दाब दाखवणारं गेज टाकीच्या मागच्या अंगाला होतं, तिथं मी. त्याला काटा दिसायचा नाही आणि मला दार दिसायचं नाही. शेवटी वाफ बाहेर काढून दिली की तो तिकडून विचारायचा, "किती?" मी आकडा सांगायचो. मग म्हणायचो, "उघड."

दिवसातून सात-आठ वेळा हेच.

"किती?"

"एक. उघड."

आता एकच का, ते सांगतो.

दाब मोजायच्या दोन तऱ्हा असतात. साधं गेज भोवतालच्या हवेला शून्य धरतं. गाडीच्या चाकात हवा भरताना दिसतं ते तसलं. चाक पंक्चर झालं की काटा शून्यावर. पण आमच्या टाकीवर दुसऱ्या तऱ्हेचं गेज होतं, कारण आम्हाला आतली हवाही काढावी लागायची. ते गेज काहीच नसण्याला शून्य धरायचं. हवासुद्धा नसण्याला. त्यामुळं दार सताड उघडं असलं तरी त्याचा काटा एकाच्या जरा अलीकडं उभा असायचा. आपल्या भोवतीच्या हवेलाही दाब असतो, दाबाच्या मापात साधारण एक बार. आपलं शहर समुद्रापेक्षा उंचावर, म्हणून एकाला किंचित कमी.

पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की एक म्हणजे शून्य. काटा एकावर आला की टाकीत जादा काही नाही. खुशाल उघडा.

मला आकडे यायचे. अक्षरं येत नव्हती.

हे कारखान्यात एकट्या सांडूला माहीत होतं. पाळी सुरू होताना रजिस्टर वाचायचं आणि खाली सही करायची, असा नियम होता. सही मी गिरवून गिरवून बसवली होती. वाचायचं काम सांडू करायचा. खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचा आणि हळूच सगळं वाचून सांगायचा.

"काय मास्तर, मी सांगू का तुमीच वाचता?" असं म्हणून हसायचा. मला मास्तर म्हणणारा जगात तो एकटा.

नोव्हेंबर १९९६. दुसरी पाळी.

त्या दिवशी सांडू रोज यायचा ती प्रवासी जीप उशिरा आली. रजिस्टर मी एकट्यानंच उघडलं. पानावर निळ्या शाईच्या चार ओळी जास्तीच्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. वाचल्यासारखी मान हलवली.

आणि खाली सही केली.

सांडू धापा टाकत आला. त्यानं विचारलं, "आज काय लिवलंय?"

फोरमन अप्पाराव दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्यासमोर मला वाचता येत नाही हे उघडं पडलं असतं.

"काय नाय," मी म्हणालो. "रोजचंच."

त्या चार ओळींत लिहिलं होतं की नेहमीचं गेज दुरुस्तीला गेलंय. त्याच्या जागी तात्पुरतं साधं बसवलंय. काटा पूर्ण शून्यावर आल्याशिवाय दार उघडू नये.

तबकडी तेवढीच होती आणि आकडेही तेच.

साडेपाचला सांडूनं विचारलं, "किती?"

काटा एकावर होता.

पुढचं लिहीत नाही. दार सांडूला घेऊन समोरच्या भिंतीवर गेलं, एवढंच लिहितो.

चौकशी झाली. अप्पारावनं ते पान मोठ्यानं वाचलं तेव्हा मला त्यातला मजकूर कळला. खाली माझी सही होती. मला विचारलं, तू सांडूला हे सांगितलं होतंस का? मी म्हणालो, व्हय. सांगितलं होतं. त्यानंच घाई केली.

कागदावर तेच गेलं. सांडूनं घाई केली.

पुढच्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. त्रेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलो. केसरबाईला वाटलं, मित्राच्या दुःखातून बाहेर यायला बरं पडेल. ती रोज कंदिलाची काच पुसून द्यायची.

आता त्या मे महिन्याकडं येतो.

करुणा गेज तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. ती त्या कामाला लागली तेव्हा मला नको म्हणायचं होतं. पण का नको, ते सांगावं लागलं असतं.

आमचा जुना कारखाना तोवर बंद पडला होता. त्याचं सामान भंगारात निघालं. त्यातली काही गेज करुणाच्या प्रयोगशाळेत आली. गुरुवारी संध्याकाळी ती दोन गेज पिशवीत घालून घरी आली.

"पप्पा, तुमच्या कंपनीची आहेत. तुम्ही आकडे यांच्यावरच पक्के केले ना? ठेवा आठवण म्हणून."

एक साधं होतं, आणि एक दुसऱ्या तऱ्हेचं.

मागच्या खोलीतल्या फळीवर तिनं ती शेजारी-शेजारी ठेवली. साध्याचा काटा शून्यावर. दुसऱ्याचा एकाच्या जरा अलीकडं. ती खूश झाली. म्हणाली, बघा, अजून बरोबर आहेत दोन्ही.

जेवताना ती मला समजावून सांगत होती, जसं काही मला ठाऊकच नाही. एक बार म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलो. मग तिनं मोबाइलवर हिशेब केला. मीटरभर रुंद दारावर किती? जवळजवळ आठ टन.

"आठ टन," ती म्हणाली. "अन् सांडूकाकांनी तरी उघडलं. एवढी कसली घाई होती त्यांना?"

मी भाकरी ताटात ठेवली. हात धुतले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आमच्याकडं शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. बारालाच गेली. करुणा कामावर गेली होती. घराचा पुढचा भाग पत्र्याचा, तापतो. म्हणून मी आणि केसरबाई मागच्या स्लॅबच्या खोलीत पडलो होतो. ती खोली वेगळी बांधलेली आहे. तिला एकच दार, लोखंडी, बाहेर अंगणात उघडणारं. वाऱ्यानं आपटतं म्हणून मी आतून कडी सरकवली होती. गरम हवा येते म्हणून खिडकीही लावलेली.

केसरबाईला दमा आहे. तिचा पंप उशाशी होता. तिला झोप लागली होती.

मी जागाच होतो. शेजारचा पत्रा उन्हानं तडतड वाजत होता. कुणीतरी भांडी घासत होतं. गल्लीत एक स्कूटर सुरू होत नव्हती, त्याची किक ऐकू येत होती.

मग किक ऐकू येईना.

मग भांडी...

मग पत्राही वाजायचा थांबला.

मला वाटलं, कानात दडा बसला. घाटातून एसटी उतरते तेव्हा बसतो तसा. मी आवंढा गिळला. कान उघडले नाहीत. परत गिळला. जास्तच गच्च झाले.

आणि वास आला.

उकडलेल्या ओल्या कापसाचा. सत्तावीस वर्षांत तो वास मला आला नव्हता.

मी फळीकडं बघितलं.

साध्या गेजचा काटा शून्यावर होता. त्याच्या मते खोलीत काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्याचा काटा... सव्वावर होता.

मी उठलो. जवळ गेलो. सवयीनं काचेवर नखानं टिचकी मारली. काटा अडकला असेल तर टिचकीनं जागेवर येतो.

काटा थरथरला. आणि आणखी पुढं गेला.

तेव्हा मला कळलं. साधं गेज भोवतालच्या हवेला शून्य धरतं. ती हवाच वाढत असेल तर त्याला काय कळणार? खोली भरत चालली होती. खोलीच टाकी झाली होती, आणि आम्ही दोघं आत होतो.

दीड.

हवा जड झाली. ओली झाली. भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. केसरबाई दचकून उठून बसली. तिचं तोंड हलत होतं, आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

"अवो... दार उघडा. जीव घाबरतोय माझा."

मी कडीला हात घातला. कडी हलेना. दार आतून बाहेर ढकललं जात होतं आणि कडी त्यात आवळली गेली होती. पलंगाखाली माझा जुना पाना असतो, तो काढून कडीवर घातला. दोन घाव, चार घाव. लोखंडावर लोखंड, पण आवाज आलाच नाही. खिडकीच्या काचेवर मारला. काचेला ओरखडा आला नाही.

फोन घराच्या पुढच्या भागात राहिला होता.

केसरबाईनं पंप तोंडाला लावला. दाबला. पुन्हा दाबला. त्यातून फुस्स झालं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

काटा दोनाजवळ गेला. दोनाच्या किंचित अलीकडं.

आणि थांबला.

मी आकडेवाला माणूस आहे. मला ते लगेच कळलं. या गेजचे दोन म्हणजे साध्या गेजचा एक. त्या दिवशी टाकीत एवढाच दाब होता. ना कमी, ना जास्त.

दाराबाहेर काहीतरी किरकिरलं...

चाक फिरवायला घेताना पहिल्या आट्याला ते तसं किरकिरायचं. आमच्या दाराला चाक नाही.

इतका वेळ कानात काहीही शिरत नव्हतं. पण हा आवाज स्वच्छ आला.

"मास्तर..."

मी दाराला धरून खाली बसलो.

"किती?"

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. रोज विचारायचा तसंच विचारलं. घाईत अजिबात नव्हता.

मी त्याचं नाव घेतलं. मागं केसरबाईची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तिच्या ओठांचा रंग जात होता.

"किती, मास्तर?"

मी काट्याकडं बघितलं. खरं तेच सांगितलं.

"दोन."

बाहेरची किरकिर थांबली.

"बरं," तो म्हणाला. "थांबतो मग."

आणि तो थांबला.

दाब कमी झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम त्यानं कधी मोडला नव्हता. एकदाही नाही. घाई त्यानं केलीच नव्हती. दाराच्या पलीकडं तो शांतपणे उभा होता, माझ्या आकड्याची वाट बघत. किती वेळ थांबला असता? त्याला कसली घाई होती?

केसरबाई पलंगावरून घसरली. मी तिला मांडीवर घेतलं. ती माझा सदरा ओढत होती. मग ओढही सैल झाली.

मी दारावर कपाळ आपटलं.

"सांड्या, माझी बायको हाय रे आत. मरती ती."

"आकडा सांग, मास्तर."

मग मी ते बोललो. सत्तावीस वर्षं पोटात होतं ते. म्हणालो, त्या दिवशी रजिस्टरात लिवलं होतं. मला वाचता आलं नाय. लाज वाटली म्हनून तुला रोजचंच सांगितलं. चौकशीतबी खोटं बोललो. चूक माझी होती, तुझी नाय.

मला वाटलं, हेच ऐकायला आला असेल. आता काटा उतरेल. आता सोडेल.

"व्हय," तो म्हणाला.

मग पुन्हा, त्याच आवाजात...

"किती?"

काटा दोनावर होता. हलला नव्हता.

केसरबाईचे डोळे अर्धे मिटले होते. नुसतं पांढरं दिसत होतं. गळ्यातून एक बारीक शीळ येत होती, तीही तुटत होती.

दार बाहेर उघडतं. पलीकडं तो उभा आहे. आठ टन नसतील, दाराचा आकार वेगळा. जास्तच असतील. मला सगळं ठाऊक होतं. या वेळी मला अक्षरं येत होती, आकडे येत होते, गेजची तऱ्हा माहीत होती, करुणानं हिशेबही करून दाखवला होता.

शीळ बंद पडली.

मी म्हणालो,

"एक."

बाहेर चाक किरकिरलं. त्यानं विश्वास ठेवला. नेहमीसारखाच.

"उघडू?"

हे त्यानं पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

मी डोळे मिटले.

"उघड."

आवाज मी सांगू शकत नाही. तसला आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकला. वारा माझ्या अंगावरून बाहेर गेला, फळीवरची भांडी गेली, चादर गेली. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर काहीतरी जड आदळलं. कान फटकन उघडले. आणि एकदम सगळं परत आलं... ऊन, पत्र्याची तडतड, गल्लीतली स्कूटर.

माझ्या मांडीवर केसरबाईनं मोठा श्वास ओढला. खोकली. रडायला लागली.

मी तिला अंगणात ओढून आणलं. पाणी पाजलं. ती बोलायला लागेपर्यंत मी भिंतीकडं बघितलं नाही.

मग बघितलं.

भिंतीखाली कुणी नव्हतं. फरशीवर ओलं होतं, माणूस आडवा पडल्याएवढं. त्यातून वाफ निघत होती. मेच्या उन्हात ते दोन मिनिटांत वाळलं.

दार सताड उघडं होतं. कडी मात्र सरकवलेलीच होती, ना वाकलेली, ना तुटलेली. ज्या भोकात ती जाते तेही धड होतं. संध्याकाळी करुणानं पाहिलं. कडी सरकवून, काढून, दार चारदा लावून बघितलं. ती दोन्ही गेजही तिनं प्रयोगशाळेत नेऊन तपासली. दोन्ही बरोबर निघाली.

डॉक्टरांनी उकाड्यानं दमा उसळला असं सांगितलं. असेलही. शेजारच्यांनी सिलिंडर फुटल्यासारखा आवाज ऐकला, पण कुणाच्याच घरचा फुटलेला नव्हता.

मागच्या खोलीचं दार मी दुसऱ्याच दिवशी बिजागरीसकट काढून टाकलं. तिथं आता पडदा आहे.

केसरबाईला त्यातलं थोडंच आठवतं. मी दाराशी कुणाशी तरी बोलत होतो, आणि शेवटी मोठ्यानं 'उघड' म्हणालो, एवढं तिनं ऐकलं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, यांनी हाक मारली म्हणून कुणीतरी देवमाणूस धावून आला अन् दार उघडलं. नाव न सांगता गेला बिचारा.

ती मला अधूनमधून विचारते, कोण होता हो तो? एकदा जेवायला बोलवू.

मी म्हणतो, दिसला नाय मला.

पहिल्यांदा मी त्याला उघड म्हणालो तेव्हा मला वाचता येत नव्हतं. दुसऱ्यांदा सगळं वाचता येत होतं. चौकशी झाली तर या वेळी मी कुणाचं नाव सांगू?

रात्री केसरबाईचा श्वास घरघरला की मी उठून बसतो. तिचा श्वास मोजतो. आणि ऐकतो, बाहेर काही किरकिरतंय का.

तो परत येईल, असं मला वाटतं. पुन्हा विचारेल. त्या वेळी ती माझ्या मांडीवर तशीच असली, तर मी काय सांगेन ते मला आत्ताच माहीत आहे.

त्यालाही माहीत असेल. तरी तो विचारेल.